एल्फिन्स्टन : एक आडनाव, अनेक माणसे, अनेक ठिकाणे

एल्फिन्स्टन हे मुळात एका खेड्याचे नाव आहे. स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा हिच्या पूर्वेला ईस्ट लोदियन परगण्यात, ट्रॅनेंट या जुन्या कोळसा खाणींच्या गावाजवळ हे खेडे आजही वसलेले आहे. तेराव्या शतकाच्या सुमारास तिथली जमीन धारण करणारे लोक स्वतःला ‘एल्फिन्स्टनचे’ म्हणवू लागले आणि चिपळूणचा तो चिपळूणकर या रीतीने गावाचे नाव आडनाव झाले. पुढे या आडनावाचा एक बिशप झाला, दोन सरदार रणांगणावर पडले, एकाचा शिरच्छेद झाला, एका सेनापतीची फौज अफगाण बर्फात नष्ट झाली आणि दोघे मुंबईचे गव्हर्नर झाले. मुंबईतील कॉलेज, शाळा, रेल्वे स्थानक, पूल, गिरणी, महाबळेश्वरचा पॉइंट, कराचीतला रस्ता आणि कोलकात्यातले चित्रपटगृह यांनाही हे नाव मिळाले. महाराष्ट्रात मात्र या नावामागे एकच साहेब असल्याचा समज बराच पसरलेला आहे. प्रत्यक्षात इथल्या एल्फिन्स्टन नावांची वाटणी काका आणि पुतण्या अशा दोन गव्हर्नरांत करावी लागते.

मूळ गाव आणि घराणे

घराण्याचा आपल्या मूळ गावाशी असलेला संबंध लवकरच तुटला. पंधराव्या शतकात घराण्याच्या एका प्रमुखाला लढाईत मृत्यू आला. त्याच्यामागे मुलगीच होती. ईस्ट लोदियनची जमीन तिच्याकडे आणि लग्नानंतर जॉन्स्टन घराण्याकडे गेली, तर पुरुष वंशाची शाखा पश्चिमेला स्टर्लिंगशायरमध्ये स्थिरावली. एअर्थ गावाजवळ या शाखेने नवा गढीवजा बुरूज बांधला आणि त्यालाही ‘एल्फिन्स्टन टॉवर’ हेच नाव दिले. स्कॉटलंडमध्ये त्यामुळे एकाच नावाच्या दोन गढ्या झाल्या. ईस्ट लोदियनची मूळ गढी खाणकामामुळे जमीन खचू लागल्यावर विसाव्या शतकाच्या मध्यास पाडावी लागली.

स्टर्लिंगशायरच्या शाखेतील अलेक्झांडर याला राजा चौथा जेम्स याने १५१० मध्ये ‘लॉर्ड एल्फिन्स्टन’ हा किताब दिला. तीनच वर्षांनी, ९ सप्टेंबर १५१३ रोजी, इंग्रजांविरुद्धच्या फ्लॉडनच्या लढाईत राजा पडला आणि हा पहिला लॉर्डही पडला. दुसरा लॉर्ड १५४७ मध्ये पिंकीच्या लढाईत, पुन्हा इंग्रजांशीच लढताना, कामी आला. पुढे इंग्रजांचे साम्राज्य चालवण्यात नाव मिळवलेल्या या घराण्याच्या पहिल्या दोन पिढ्या अशा रीतीने इंग्रजांच्या हातून संपल्या.

याच आडनावाचा सर्वांत प्रतिष्ठित पुरुष तलवारीचा नव्हता. विल्यम एल्फिन्स्टन (१४३१–१५१४) हा अॅबर्डीनचा बिशप होता. कायद्याचा अभ्यासक आणि राजाचा मुत्सद्दी असलेल्या या बिशपने पोपची सनद मिळवून १४९५ मध्ये अॅबर्डीन विद्यापीठाचा पाया घातला. स्कॉटलंडमध्ये छापखाना यावा म्हणून त्याने प्रयत्न केले आणि त्याने सिद्ध केलेले ‘अॅबर्डीन ब्रेव्हियरी’ हे प्रार्थनापुस्तक १५०९–१० मध्ये छापून निघाले. १९९५ मध्ये याच विद्यापीठात लोकसंगीत, लोककथा आणि बोलीभाषांच्या अभ्यासासाठी ‘एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूट’ स्थापन झाली. तिचे नाव मुंबईच्या जुन्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनशी जुळते, पण ती या बिशपच्या नावाने आहे, गव्हर्नरच्या नव्हे.

घराण्याची दुसरी शाखा बाल्मेरिनो या किताबाने ओळखली गेली. राजा सहावा जेम्स याचा सचिव असलेला जेम्स एल्फिन्स्टन हा पहिला लॉर्ड बाल्मेरिनो. राजाच्या नावाने पोपला पाठवलेल्या एका पत्राचे प्रकरण उघडकीस आल्यावर तो पदावरून गेला. शेवटचा लॉर्ड बाल्मेरिनो, आर्थर एल्फिन्स्टन, स्ट्युअर्ट राजघराण्याला गादी परत मिळावी म्हणून झालेल्या १७४५ च्या उठावात सामील झाला. १८ ऑगस्ट १७४६ रोजी लंडनच्या टॉवर हिलवर त्याचा शिरच्छेद झाला.

‘एल्फिन्स्टन’ या नावाच्या इंग्रजी लेखनात शेवटी एक अनुच्चारित स्वर येतो. तो न लिहिणारेही काही होते. अशांपैकी जॉन एल्फिन्स्टन हा नाविक रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्या नोकरीत गेला आणि १७७० मध्ये तुर्की आरमाराचा धुव्वा उडवणाऱ्या चेस्मेच्या मोहिमेत रशियन ताफ्याचा एक सेनानी होता. जेम्स एल्फिन्स्टन (१७२१–१८०९) हा शाळामास्तर डॉ. सॅम्युएल जॉन्सनचा स्नेही होता. इंग्रजी उच्चाराप्रमाणे लिहावी, असा आग्रह धरून त्याने स्वतःच्या पद्धतीने पुस्तके छापली. त्या सुधारणेला अनुयायी मिळाले नाहीत.

धाकट्या मुलांची वाट : आरमार आणि कंपनी

स्कॉटिश सरदार घराण्यांत इस्टेट आणि किताब थोरल्याकडे जाई. धाकट्यांनी सैन्य, आरमार, धर्मपीठ किंवा वकिली यांतून आपला मार्ग शोधायचा, अशी रीत होती. १७०७ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड यांची राज्ये एक झाल्यावर ईस्ट इंडिया कंपनीची दारे स्कॉटिश तरुणांना उघडली. अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीच्या कारभारावर नियंत्रण ठेवणारा हेन्री डंडास हा स्वतः स्कॉटिश होता, आणि त्याच्या काळात हा ओघ फार वाढला. महाराष्ट्राच्या इतिहासात आलेली माल्कम, ग्रँट डफ, विल्सन ही स्कॉटिश नावे याच ओघातली आहेत. मिशनरी डॉ. जॉन विल्सन कंपनीचा नोकर नव्हता, तरी पुढे याच वाटेने मुंबईस आला.

एल्फिन्स्टन घराण्यात दहाव्या लॉर्डचे दोन धाकटे मुलगे या दोन्ही वाटांनी गेले. जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन (१७४६–१८२३) आरमारात शिरला आणि अॅडमिरल लॉर्ड कीथ म्हणून प्रसिद्धीस आला. १७९५ मध्ये डचांकडून केप ऑफ गुड होप घेणाऱ्या मोहिमेचे आरमार त्याच्या हाताखाली होते. हिंदुस्थानच्या सागरी मार्गावरचे ते मोक्याचे ठाणे होते. वॉटर्लूनंतर इंग्रजांच्या हाती आलेल्या नेपोलियनला सेंट हेलेनाला पाठवण्याचा निर्णय कळवण्याचे कामही त्याच्याकडे आले. त्याचा भाऊ विल्यम फुलर्टन एल्फिन्स्टन हा ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक आणि पुढे अध्यक्ष झाला. संचालकाला कंपनीच्या नोकरीसाठी नावे सुचवण्याचा अधिकार असे. घराण्यातील पुढच्या पिढीला हिंदुस्थान का जवळचा वाटला, याचे उत्तर बरेचसे इथे मिळते.

लॉर्ड कीथची मुलगी मार्गारेट मर्सर एल्फिन्स्टन हिने १८१७ मध्ये नेपोलियनचा एक माजी अधिकारी काउंट द फ्लाहो याच्याशी लग्न केले. तिच्या मुलीचा मुलगा म्हणजे १८८८ ते १८९४ या काळातील हिंदुस्थानचा व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन. उत्तराखंडातील लॅन्सडाउन हे थंड हवेचे ठिकाण त्याच्या नावाने ओळखले जाते. एल्फिन्स्टन रक्ताचा एक वारस असा आडनाव न लावताही हिंदुस्थानच्या नकाशावर आला.

माउंटस्टुअर्ट : मराठवाड्यातून पुण्याकडे

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा अकराव्या लॉर्डचा चौथा मुलगा. त्याचा जन्म ६ ऑक्टोबर १७७९ चा. सोळाव्या वर्षी, १७९६ मध्ये, तो कलकत्त्याला कंपनीच्या मुलकी नोकरीत रुजू झाला. १८०१ मध्ये त्याची नेमणूक पुण्याच्या रेसिडेन्सीत झाली. दोन वर्षांनी मराठ्यांशी दुसरे युद्ध सुरू झाले, तेव्हा इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीचा राजकीय साहाय्यक जॉन माल्कम आजारी पडला आणि त्याच्या जागी चोवीस वर्षांचाही न झालेला एल्फिन्स्टन ऑगस्ट १८०३ मध्ये छावणीत दाखल झाला.

अहमदनगरचा किल्ला घेऊन वेलस्लीची फौज टोक्याजवळ गोदावरी उतरली आणि २९ ऑगस्टला औरंगाबादला पोहोचली. आजचा अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर रस्ताही कायगाव टोक्याला गोदावरी ओलांडून गंगापूर तालुक्यातून वाळूजमार्गे शहरात येतो. औद्योगिक वसाहतीमुळे ओळखल्या जाणाऱ्या या रस्त्याने त्या काळी पुणे, नगर आणि निजामाचे औरंगाबाद यांच्यातली लष्करी व व्यापारी रहदारी चाले. औरंगाबादहून फौज पूर्वेकडे आणि मग उत्तरेला वळली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आज जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात असलेल्या असई गावाजवळ, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे–भोसले यांच्या फौजेशी लढाई झाली. वेलस्लीच्या फौजेत ७४ वी आणि ७८ वी या दोन स्कॉटिश हायलँडर पलटणी होत्या. ७४ वी जवळजवळ कापली गेली. इंग्रज बाजूचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे १,६०० लोक कमी झाले. एल्फिन्स्टन या लढाईत वेलस्लीच्या बरोबरीने घोड्यावर होता. पुढे अडगाव आणि गाविलगडाच्या लढायांतही तो हजर होता. या माणसाने शिपाई व्हायला हवे होते, असे वेलस्लीचे मत पडले. प्रत्यक्षात तो नागपूरकर भोसल्यांच्या दरबारी रेसिडेंट म्हणून गेला.

१८०८–०९ मध्ये एल्फिन्स्टन अफगाणिस्तानच्या शाह शुजाकडे वकील म्हणून पाठवला गेला. तो पेशावरपर्यंतच पोहोचला. काबूल त्याने कधी पाहिले नाही, पण मिळवलेल्या माहितीवर लिहिलेला त्याचा काबूलच्या राज्याविषयीचा १८१५ चा ग्रंथ पुढे अनेक दशके आधारग्रंथ ठरला. १८११ मध्ये तो पुण्याचा रेसिडेंट झाला. १८१५ मध्ये पंढरपुरात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. या खुनाचा ठपका आलेला पेशव्याच्या मर्जीतला त्रिंबकजी डेंगळे याला ताब्यात देण्याची मागणी, त्याचे ठाण्याच्या तुरुंगातून पलायन आणि जून १८१७ चा पुण्याचा तह अशा पायऱ्यांनी पेशवा दुसरा बाजीराव आणि रेसिडेंट यांच्यातला संघर्ष वाढत गेला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. मुळा-मुठेच्या संगमावरची रेसिडेन्सी त्या दिवशी जाळली गेली आणि एल्फिन्स्टनची पुस्तके व कागद तीत गेले. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले.

जिंकलेल्या प्रदेशाचा कमिशनर या नात्याने एल्फिन्स्टनने जुन्या व्यवस्थेला एकदम हात न लावण्याचे धोरण स्वीकारले. वतने, इनामे, गावची पाटीलकी-कुलकर्णीपणा आणि पंचायती शक्य तेथे चालू ठेवल्या. साताऱ्याला छत्रपती प्रतापसिंह यांना गादीवर बसवून त्यांच्याकडे मर्यादित राज्य दिले आणि तिथे जेम्स ग्रँट डफ याला नेमले. खानदेशात ब्रिग्ज, अहमदनगरला पॉटिंजर आणि पुण्याला रॉबर्टसन हे कलेक्टर बसवले. पेशव्यांची दक्षिणा पूर्ण बंद न करता तिचा एक भाग विद्येकडे वळवला, आणि १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. डेक्कन कॉलेजची परंपरा तिच्यापासून मोजली जाते. धोरण सौम्य असले तरी ते जेत्याचे होते, आणि ब्राह्मण व वतनदार वर्ग असंतुष्ट राहू नये हा हेतू त्यात उघड होता.

नोव्हेंबर १८१९ ते १८२७ या काळात तो मुंबईचा गव्हर्नर होता. १८२७ मध्ये मुंबई इलाख्याचे कायदे एकत्र करून २७ नियमांच्या रूपात जारी झाले. ‘एल्फिन्स्टन कोड’ म्हणून ते ओळखले जात. १८६२ मध्ये भारतीय दंड संहिता अमलात आल्यावर त्यातील फौजदारी भाग मागे पडला. निवृत्तीनंतर त्याने गव्हर्नर जनरलचे पद नाकारले, १८४१ मध्ये हिंदुस्थानचा इतिहास लिहिला आणि २० नोव्हेंबर १८५९ रोजी इंग्लंडमधील सरे परगण्यात तो वारला.

काबूलचा एल्फिन्स्टन

कंपनीचा संचालक विल्यम फुलर्टन एल्फिन्स्टन याचा मुलगा मेजर जनरल विल्यम जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन (१७८२–१८४२) हा माउंटस्टुअर्टचा चुलतभाऊ. वॉटर्लूच्या लढाईत त्याने एक पलटण चालवली होती. त्यानंतर सव्वीस वर्षांनी, संधिवाताने जर्जर झालेला असताना, त्याला काबूलमधील फौजेचा सेनापती नेमले गेले. ज्या शाह शुजाकडे माउंटस्टुअर्ट १८०९ मध्ये वकील म्हणून गेला होता, त्यालाच इंग्रजांनी १८३९ मध्ये पुन्हा काबूलच्या गादीवर बसवले होते. ही व्यवस्था टिकणार नाही, असा इशारा निवृत्त माउंटस्टुअर्टने आधीच दिला होता. १८४१ च्या अखेरीस काबूलमध्ये उठाव झाला. ६ जानेवारी १८४२ रोजी सुमारे ४,५०० सैनिक आणि १२,००० बाजारबुणगे बर्फातून जलालाबादकडे निघाले. आठवडाभरात ही फौज संपली. जलालाबादला घोड्यावरून पोहोचलेल्या डॉ. ब्रायडन या स्कॉटिश वंशाच्या शल्यचिकित्सकाचे नाव त्यामुळे कायमचे लक्षात राहिले. जनरल एल्फिन्स्टन एप्रिल १८४२ मध्ये उठावाचा पुढारी अकबर खान याच्या कैदेत मरण पावला. मोठ्या भावाचे नाव अफगाण विद्येत मानाने घेतले जाते, तर धाकट्याचे लष्करी अकर्तृत्वाचा दाखला म्हणून.

लॉर्ड जॉन : १८५७ आणि रेल्वेची मुंबई

मुंबईचा दुसरा एल्फिन्स्टन म्हणजे तेरावा लॉर्ड, जॉन (१८०७–१८६०). हा माउंटस्टुअर्टच्या थोरल्या भावाचा मुलगा. १८३७ ते १८४२ तो मद्रासचा गव्हर्नर होता आणि निलगिरीतील केत्ती येथे त्याने बंगला ठेवला होता. मद्रासमध्ये अड्यार नदीवर १८४० मध्ये झालेल्या पुलाला त्याचेच नाव मिळाले. १८५३ च्या अखेरीस तो मुंबईचा गव्हर्नर झाला.

त्याच्या कारकिर्दीत १८५७ आले. जूनमध्ये औरंगाबादच्या छावणीतील हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाने बंडाचा पवित्रा घेतला. मुंबई सरकारने मध्य हिंदुस्थानसाठी पुण्याहून पाठवलेली जनरल वुडबर्नची फौज अहमदनगरहून औरंगाबादकडे वळवण्यात आली. काकाने १८०३ मध्ये ज्या बाजूने औरंगाबाद गाठले होते, त्याच बाजूने पुतण्याच्या सरकारची ही फौज जूनच्या अखेरच्या आठवड्यात शहरात आली. बंड मोडले आणि अनेकांना देहान्ताची शिक्षा झाली. जिथे शिक्षा दिल्या गेल्या तो काळा चबुतरा आज क्रांती चौक म्हणून ओळखला जातो. जुलैत कोल्हापूरला २७ वी पलटण उठली, आणि साताऱ्याला तिथल्या गादीचे वकील रंगो बापूजी यांच्याशी संबंध जोडलेल्या कटात अनेकांना फाशी झाली. ऑक्टोबरमध्ये मुंबईत पोलीस अधिकारी चार्ल्स फॉर्जेट याने शोधलेल्या कटाच्या आरोपावरून मंगल गडिया आणि सय्यद हुसेन यांना मैदानात तोफेच्या तोंडी दिले गेले.

याच वर्षी १८ जुलैला मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि गव्हर्नर या नात्याने लॉर्ड एल्फिन्स्टन त्याचा पहिला कुलपती झाला. विहार तलावाचे पाणी शहरात आणण्याचे काम त्याच्या काळात झाले. ह्यू मॅलेटने १८५० मध्ये शोधलेले माथेरान त्यानेच थंड हवेचे ठिकाण म्हणून पुढे आणले, आणि तिथला ‘एल्फिन्स्टन लॉज’ त्याच्यामुळे झाला. तो १८६० च्या मे महिन्यात पदावरून उतरला आणि जुलैत वारला. काका आणि पुतण्या दोघेही अविवाहित राहिले. त्यामुळे मुंबईत त्यांच्या मागे राहिली ती नावेच.

कॉलेज : नावाचा सर्वांत मोठा वारसा

१८२७ मध्ये माउंटस्टुअर्टच्या निरोपाच्या वेळी मुंबईच्या शेटसावकारांनी आणि नागरिकांनी निधी जमवला. पुतळा आणि भोजन यांच्या पलीकडे जाऊन, इंग्रजी भाषा व युरोपीय शास्त्रे शिकवणारे प्राध्यापक विलायतेहून आणावेत, असे ठरले. या निधीतून ‘एल्फिन्स्टन प्रोफेसर’ ही पदे निर्माण झाली. १८३५ मध्ये ऑर्लेबार आणि हार्कनेस हे पहिले प्राध्यापक मुंबईत आले. त्याआधीच, १८३४ मध्ये, ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांची साहाय्यक प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली होती. १८५० च्या दशकात दादाभाई नौरोजी इथे गणिताचे प्राध्यापक झाले. १८४८ मध्ये इथल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली, आणि पुढच्याच वर्षी तिने मुलींच्या शाळा सुरू केल्या.

१८५६ मध्ये शाळा आणि कॉलेज वेगळे झाले. मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर १८६२ चे. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे चौघेही एल्फिन्स्टनचेच. फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग, जमशेटजी टाटा आणि गोपाळ कृष्ण गोखले हेही तिथे शिकले. भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ मध्ये मॅट्रिक झाले आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कॉलेजातून १९१२ मध्ये बी.ए. झाले. १९५० मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला सुरू केलेले कॉलेज पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. एल्फिन्स्टनच्या एका विद्यार्थ्याने मराठवाड्याला दिलेली ही सर्वांत मोठी देणगी होय.

कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीतून १८७१ मध्ये भायखळ्याला कॉलेजची इमारत झाली. काळा घोडा परिसरातील आजची इमारत जेम्स ट्रुबशॉने आखली, मंचेरजी मर्झबान यांच्या देखरेखीखाली बांधली गेली आणि १८८८ मध्ये पूर्ण झाली. राज्य पुराभिलेखागाराचे दप्तरही याच इमारतीत आहे. २०१९ पासून कॉलेज डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचा घटक आहे.

स्थानक, सर्कल, गिरणी, रंगभूमी

कॉलेज आणि हायस्कूल काकाच्या नावाचे, तर मुंबईच्या नागरी नकाशावरील बहुतेक नावे पुतण्याची. कोटातील बॉम्बे ग्रीनच्या जागी फॉर्जेटच्या कल्पनेतून १८७२ पर्यंत उभा राहिलेला वर्तुळाकार चौक म्हणजे एल्फिन्स्टन सर्कल. स्वातंत्र्यानंतर त्याला ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बी. जी. हॉर्निमन यांचे नाव मिळाले. १८५८ च्या एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीने बंदराच्या बाजूला समुद्र हटवून जमीन केली. पुढे सरकारने ती कंपनी विकत घेतली आणि १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. पश्चिम रेल्वेवरील एल्फिन्स्टन रोड स्थानक १८६७ चे. त्याच्या आसपास वसलेल्या गिरणगावात एल्फिन्स्टन मिलही होती. गिरणी बंद पडून जमीन विकली गेली आणि आता तिथे कार्यालयांचे मनोरे उभे आहेत. कामगारांच्या तोंडी स्थानकाचे नाव ‘एल्फिस्टन’ असेच रुळले होते.

व्यापारी जगात हे नाव गव्हर्नरांपासून पार सुटले. कॉलेजच्या पारशी विद्यार्थ्यांनी १८६० च्या दशकात एल्फिन्स्टन ड्रॅमॅटिक क्लब काढला. तिथे पडेल ते काम करत वाढलेले जमशेदजी फ्रामजी मादन यांनी पुढे कोलकात्यात एल्फिन्स्टन बायोस्कोप कंपनी स्थापन केली आणि १९०७ मध्ये एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस हे कायमचे चित्रपटगृह उघडले. ते नंतर मिनर्व्हा आणि मग चॅप्लिन झाले. मद्रासच्या माउंट रोडवरही एल्फिन्स्टन नावाचे चित्रपटगृह होते. त्या काळी मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीत एल्फिन्स्टन स्ट्रीट हा खरेदीचा मुख्य रस्ता होता. त्याला आता लेखिका जैबुन्निसा हमीदुल्ला यांचे नाव आहे.

हिंदुस्थानाबाहेरची एल्फिन्स्टन ठिकाणे वेगवेगळ्या माणसांची आहेत. अॅबर्डीनशायरमधील पोर्ट एल्फिन्स्टन हे समुद्रापासून दूर, कालव्याच्या टोकाला वसलेले गाव. तिथे १८०५ मध्ये खुल्या झालेल्या कालव्याचा पुरस्कर्ता सर रॉबर्ट डॅलरिंपल हॉर्न एल्फिन्स्टन याचे नाव त्याला मिळाले. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातील माउंट एल्फिन्स्टन हे १७९४ च्या एका नाविक लढाईत ‘ग्लोरी’ जहाज चालवणाऱ्या कॅप्टनच्या नावाने आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरियात आणि कॅनडाच्या मॅनिटोबातही या नावाची गावे आहेत. टास्मानियात डेल एल्फिन्स्टन या उद्योजकाने १९७५ मध्ये सुरू केलेला कारखाना भूमिगत खाणींसाठीची यंत्रे बनवू लागला. ब्रिटनमध्ये सोळाव्या लॉर्डने राणी एलिझाबेथ दुसरी हिच्या मावशीशी १९१० मध्ये लग्न केल्याने घराणे राजघराण्याचे नातेवाईक झाले.

नावांची आजची स्थिती

महाराष्ट्रातील एल्फिन्स्टन नावे आता तीन गटांत पडतात. पहिला गट बदललेल्या नावांचा. एल्फिन्स्टन सर्कल हॉर्निमन सर्कल झाले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावरील चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला. लष्कराने बांधलेला नवा पादचारी पूल फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला, आणि जुलै २०१८ मध्ये प्रभादेवी मंदिरावरून स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले. दुसरा गट वस्तूबरोबर संपलेल्या नावांचा आहे. एल्फिन्स्टन मिल त्यात येते, आणि स्थानकाजवळचा १९१३ चा एल्फिन्स्टन पूलही. शिवडी–वरळी उन्नत मार्गासाठी तो पाडायचे ठरले आणि २०२५ मध्ये वाहतुकीला बंद झाला. तिसरा गट टिकलेल्या नावांचा. कॉलेज, हायस्कूल, महाबळेश्वरचा एल्फिन्स्टन पॉइंट आणि मुंबईच्या टाउन हॉलमधील शिल्पकार चॅन्ट्रीने घडवलेला माउंटस्टुअर्टचा पुतळा ही त्यातली ठळक उदाहरणे. बदललेली आणि संपलेली नावे मुख्यतः पुतण्याची आहेत, तर टिकलेल्यांत शिक्षणाशी जोडलेले काकाचे नाव पुढे आहे. निधी जमवून ते नाव देणारे मुंबईचेच नागरिक होते आणि ते मोठे केले इथल्याच विद्यार्थ्यांनी. सरकारी पाटीवरून आलेल्या नावांना तसा आधार मिळाला नाही.